जहाजावरची पत, पेढीवरचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणारे एक घर आहे. भाऊ तिघे, पेढी एक, स्वयंपाकघरे दोन. थोरल्या भावाला घरात आणि पेठेत सारेच अण्णा म्हणतात. कामाचा भार पुतण्यावर सोपविल्यानंतर अण्णांना समुद्राचा छंद लागला. सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ त्यांनी अक्कांसह एकदा केली आणि ती त्यांना इतकी मानवली, की पुढे वर्षातून एकदा, क्वचित दोनदा, हे जोडपे त्याच कंपनीच्या जहाजावर दिसू लागले.

आठव्या सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी अण्णा पुढील सफरींचे आरक्षण घेणाऱ्या टेबलापाशी गेले. प्रत्येक मोठ्या जहाजावर असे एक टेबल असते. सुट्टी संपत आलेली असते, मन प्रसन्न असते आणि समोरचा तरुण अदबीने नावानिशी बोलत असतो. अण्णांनी पुढील वर्षीच्या सप्टेंबरसाठी पाच केबिन धरल्या, अकरा माणसांचा विसार भरला आणि तेथूनच धाकट्या भावाला फोन केला. "आप्पा, ही सफर झाली की आपण वरच्या श्रेणीत जातो. पाचही खोल्यांना सवलत मिळेल. घरात सगळ्यांना सांगून टाक."

आप्पांनी सांगून टाकले. वडील भावाचा शब्द म्हणजे त्या घरात झालेला सौदा.

आठवड्याने पुतण्याने कागद पाहिले, तेव्हा त्याला सवलत एकाच केबिनवर दिसली, तीही जुन्या श्रेणीची. विसार परत न मिळणाऱ्या प्रकारचा होता. तिसरी गोष्ट मात्र अक्कांनी पाहिली. गणपतीची सुट्टी साधावी म्हणून जो आठवडा निवडला होता, तो भाद्रपद शुद्ध पंचमीला लागून होता. म्हणजे घरातील निम्मी माणसे दशलक्षण पर्वात समुद्रावर असणार होती. इंग्रजी तारखेवरून हे जहाजावर कोणाच्या ध्यानात यावे? पुढील वर्षाचे पंचांग अद्याप छापलेलेही नव्हते.

अण्णांची फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. सगळे कागदावर लिहिलेले होते. चूक झाली ती दोन निराळ्या गोष्टी एकाच खात्यात टाकल्याने.

क्रूझ कंपन्यांच्या लॉयल्टी योजना कशा चालतात, ते रॉयल कॅरिबियनच्या 'क्राउन अँड अँकर सोसायटी'वरून चांगले कळते. तेथे जहाजावर काढलेल्या एका रात्रीला एक गुण मिळतो आणि स्वीटमध्ये राहिल्यास दोन. ३ गुणांवर गोल्ड, ३० वर प्लॅटिनम, ५५ वर एमराल्ड, ८० वर डायमंड, १७५ वर डायमंड प्लस आणि ७०० गुणांवर पिनॅकल क्लब अशी चढण आहे. चार रात्रींच्या सफरी करणाऱ्याला साध्या केबिनमधून प्लॅटिनमला पोहोचण्यास आठ सफरी लागतात आणि डायमंडला वीस. सात रात्रींच्या सफरी केल्यास डायमंड बाराव्या सफरीत येते. व्यापारी मनुष्य हा हिशेब क्षणात करतो. त्या गुणांचा लाभ कोणत्या दिवशी आणि कोणाला लागू होतो, हा पुढचा हिशेब मात्र सहसा कोणी करीत नाही.

गुण सफर संपल्यानंतर जमा होतात. सातव्या सफरीअखेर अण्णांचे २८ गुण होते. आठव्या सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी ते मनाने प्लॅटिनम झाले होते, कंपनीच्या खतावणीत मात्र ते २८ गुणांचेच सदस्य होते. आरक्षणाच्या वेळी भाड्यात मिळणारी सवलत त्या दिवशी नोंदलेल्या श्रेणीची असते. जहाजावरचे लाभ, म्हणजे चढताना प्राधान्य, पेयांची कुपने, इंटरनेट, राखीव दालनात प्रवेश, हे प्रवासाच्या दिवशी जी श्रेणी असेल तिचे मिळतात. त्यामुळे आज खालच्या श्रेणीत आरक्षण करून मधल्या काळात आणखी एक सफर करणाऱ्यास पुढच्या जहाजावर वरच्या श्रेणीचा मान मिळतो. परंतु भाडे आपोआप उतरत नाही. उर्वरित रक्कम भरण्याच्या अंतिम तारखेपूर्वी नव्या श्रेणीचा दर लावून मागावा लागतो, आणि मधल्या काळात मूळ भाडेच चढलेले असेल तर मागण्यात काही अर्थ उरत नाही.

श्रेणी व्यक्तीची असते. वर सांगितलेल्या योजनेत एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नींना आणि त्यांच्या अज्ञान मुलांना दोघांतील वरची श्रेणी मिळते. भाऊ, भावजय, पुतण्या, सून, अठरा वर्षांपुढील लेक यांना ती मिळत नाही, मग सगळे एकाच छताखाली का राहत असेनात. एकत्र कुटुंब ही संस्था या नियमांना ठाऊक नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी मात्र एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकट्या प्रवाशास सहसा दोघांचे भाडे, म्हणजे २०० टक्के भरावे लागते. त्याच योजनेत ३४० गुणांनंतर ते १५० टक्क्यांवर येते. जोडीदार गमावलेल्या ज्येष्ठांना या एका ओळीचा उपयोग साऱ्या कुपनांहून अधिक आहे.

कुपनांविषयी बोलायचे तर, डायमंड सदस्याला रोज चार पेयांची कुपने मिळतात. मध्यस्थ त्यांची किंमत मद्याच्या दराने मांडून दाखवितात. मद्याला न शिवणाऱ्या घराने ती कॉफी आणि फळांच्या रसाच्या दराने मोजावीत. आकडा बराच खाली येतो. जैन भोजन हा तर श्रेणीचा लाभच नव्हे. ते पहिल्याच सफरीच्या प्रवाशालाही मागता येते, फक्त आरक्षणात आधी नोंदवावे लागते.

श्रेणी ही पत आहे, तर विसार ही रक्कम. पेढीवर ओळख असली की माल उधार मिळतो, चहा आधी येतो. पण ओळख कोणी तिजोरीत मोजून ठेवीत नाही. विसार, सफर रद्द झाल्यावर मिळणारी जमापत्रे आणि आरक्षणाच्या मोबदल्यात जहाजावर खर्चण्यास मिळणारी रक्कम यांवर मात्र आकडा असतो, मुदत असते, आणि बहुधा त्या दुसऱ्याच्या नावावर फिरविता येत नाहीत. जुनी मंडळी त्यांना हुंडीच म्हणतील, फक्त वटविण्याचे ठिकाण एकच. २०२० मध्ये करोनामुळे जहाजे थांबली, तेव्हा रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी भरलेल्या रकमेच्या १२५ टक्क्यांचे जमापत्र देऊ केले होते. पंचवीस टक्के अधिक हे ऐकावयास गोड होते. परंतु जहाजे पुन्हा केव्हा निघतील हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते, आणि रोकड घेणाऱ्याची झोप अधिक शांत होती.

पतीचे नियम कंपनी बदलू शकते. अमेरिकेच्या कार्निव्हलने जून २०२५ मध्ये जाहीर केले, की सफरीचे दिवस मोजण्याची जुनी पद्धत सोडून २०२६ पासून श्रेणी ग्राहकाच्या खर्चावर ठरेल आणि ती ठरावीक मुदतीपुरती राहील. वीस-वीस वर्षे स्वस्त केबिनमधून दिवस जमविणाऱ्या निष्ठावंतांनी मोठी ओरड केली. कंपनीच्या दृष्टीने पाहिले तर त्यात अन्याय नव्हता. कमी नफा देणारे जुने गिऱ्हाईक आणि भरघोस खरेदी करणारे नवे गिऱ्हाईक यांत कोणास खुर्ची द्यावी, हा प्रश्न प्रत्येक पेढीवर येतो. एमएससीच्या योजनेत तर तीन वर्षांत एकही सफर केली नाही तर सदस्यत्व निष्क्रिय होते. उलट तीच कंपनी दुसऱ्या क्रूझ कंपन्यांतील किंवा हॉटेल-साखळ्यांतील श्रेणी दाखविल्यास आपल्याकडे तुल्य श्रेणी देते. ज्यांच्याकडे अशी श्रेणी आधीच आहे, त्यांनी पहिल्या आरक्षणापूर्वीच तेवढा अर्ज करावा.

पत जहाजाशी बांधलेली नसते, हे मुंबईकरांना डोळ्यांनी पाहता येते. मुंबईहून २०२१ पासून फिरणारे कॉर्डेलियाचे 'एम्प्रेस' हे १९९० मध्ये बांधलेले रॉयल कॅरिबियनचेच जहाज. पूर्वी त्यावर काढलेली रात्र क्राउन अँड अँकरच्या खात्यात जात असे. आज त्याच जहाजावर, कदाचित त्याच केबिनमध्ये काढलेली रात्र तिकडे जात नाही. जैन भोजनामुळे आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचे झालेले सिंगापूरचे 'गेंटिंग ड्रीम' पाहा. गेंटिंग हाँगकाँग ही मूळ मालक कंपनी २०२२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी ते जहाज रिसॉर्ट्‌स वर्ल्ड क्रूझेस या नव्या पाटीखाली निघाले.

समाजाच्या मोठ्या सहलींबाबत आणखी एक सूचना आवश्यक आहे. गटाच्या दराने घेतलेल्या केबिनवर सदस्यत्वाची सवलत पुष्कळदा वेगळी लागू होत नाही, कारण दर आधीच उतरविलेला असतो; रात्रींचे गुण मात्र बहुधा मिळतात. सबंध जहाजच भाड्याने घेतलेले असेल, तर अनेक कंपन्यांच्या नियमांत त्या रात्री धरल्याच जात नाहीत. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाकडून याचे लेखी उत्तर घ्यावे. व्यापारी वाचकांना रस वाटेल असा आणखी एक लाभ भागधारकांना मिळतो. कार्निव्हल कॉर्पोरेशनचे किमान १०० शेअर बाळगणाऱ्याला सहा दिवसांपर्यंतच्या सफरीवर ५०, सात ते तेरा दिवसांच्या सफरीवर १०० आणि चौदा दिवसांपुढील सफरीवर २५० डॉलर जहाजावर खर्चण्यास मिळत आले आहेत. प्रत्येक सफरीपूर्वी अर्ज करावा लागतो आणि या सवलतीची मुदत कंपनी वेळोवेळी वाढवीत असते. एवढ्यासाठी शेअर घेणे शहाणपणाचे नाही. असतील तर अर्ज विसरू नये.

इकडे सांगलीत प्रश्न तारखेचा होता. परत न मिळणाऱ्या विसाराच्या आरक्षणात तारीख बदलण्यास दरडोई १०० डॉलर पडतात. अकरा माणसांचे १,१०० झाले. जहाजावर आरक्षण केल्याबद्दल पाच केबिनांना मिळून २५० डॉलर खर्चण्यास मिळणार होते. ते वजा केले तरी ८५० डॉलरचा भुर्दंड उरतच होता. धाकटा भाऊ म्हणाला, की तारीख तीच ठेवू, ज्यांचे दशलक्षणाचे उपवास आहेत ते मागे राहतील. अक्कांनी त्यावर एवढेच विचारले, "मग घरचे सगळे मिळून जायचे ठरले होते, त्याचे काय?"

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी दिवाणजींना हाक मारून बदलाचा सारा खर्च पेढीच्या नव्हे, आपल्या स्वतःच्या खाती नावे टाकण्यास सांगितले. आप्पांनी विरोध केला. "अण्णा, घराची सफर आहे, खर्चही घराचा." "शब्द मी दिला होता," अण्णा म्हणाले, "घराने नव्हे." सवलतीचा जो फरक चार खोल्यांना मिळणार नव्हता, तोही त्यांनी आपल्याच खाती घेतला. आप्पांनी पुढे वाद घातला नाही. पण वर्षअखेरीस ही नोंद परत फिरवायची, असे त्यांनी दिवाणजींना बाहेर जाऊन सांगितल्याचे घरात सर्वांना ठाऊक आहे.

पुतण्याने त्यातून निघेल तेवढे काढले. तारीख बदलायचीच असल्याने आठव्या सफरीचे गुण जमा होईपर्यंत तो थांबला. खात्यात ३२ गुण दिसल्यावर त्याने डिसेंबरची तारीख घेतली आणि अण्णांच्या केबिनचे भाडे नव्या श्रेणीने लावून घेतले. उरलेल्या नऊ जणांचे सदस्यत्व त्याने स्वतंत्र तपासले. कॉलेजात जाणाऱ्या दोघी मुलींचे क्रमांक नव्याने काढले. धाकट्या काकू लग्नापूर्वी माहेरच्यांबरोबर एकदा याच कंपनीच्या जहाजावर गेल्या होत्या. तो क्रमांक माहेरच्या नावाने पडून होता, आणि आताच्या पासपोर्टवरील नावाशी तो जुळत नव्हता. नाव जुळले नाही तर रात्री खात्यात चढत नाहीत, म्हणून त्याने विवाहनोंदणीचा दाखला जोडून दुरुस्तीचा अर्ज पाठविला.

शेवटी त्याच्या लक्षात आले, की जैन भोजनाची नोंद अण्णांच्या एकट्याच्या आरक्षणात आहे. बाकीच्या चार आरक्षणांत त्याने ती स्वतंत्र लिहिली आणि कांदा, लसूण, बटाटा, गाजर, सारी कंदमुळे वर्ज्य, असे खुलासेवार कळविले. तिघांची पोच दुसऱ्या दिवशी आली. चौथीसाठी त्याने परवा पुन्हा लिहिले आहे.