बंब दिवाणखान्यात, टब न्हाणीत

पुण्या-मुंबईच्या बऱ्याच नव्या फ्लॅटांत तांब्याचा बंब हल्ली दिवाणखान्यात मुक्कामाला असतो. चिंचेनं घासून लख्ख केलेला, आत विस्तवाऐवजी पिवळा दिवा. शेजारच्या घंगाळात पाणी आणि त्यावर तरंगती फुलं. आजीच्या न्हाणीघरातल्या वस्तूंना अशी बढती मिळाली, आणि खुद्द न्हाणीघराचं काय करायचं हे ठरवायला इंटिरियरवाल्याच्या टॅबवर दोन चित्रं उरली. एकात नक्षीदार पायांचा टब, पितळी तोट्या, काळ्या-पांढऱ्या षटकोनी फरश्या. त्याला म्हणायचं विंटेज. दुसऱ्यात राखाडी भिंती, काळे मॅट नळ, भिंतीला टांगलेला कमोड, ते मॉडर्न. दोन्ही चित्रांत बादली नसते.

विंटेज म्हणून जे विकलं जातं, ते आपल्या काळी कमालीचं आधुनिक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रोगजंतूंची कल्पना लोकांच्या मनात रुजली, तेव्हा लाकडी चौकटीत बसवलेले टब मागे पडले आणि खालून झाडता येतील असे पायांचे टब आले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जॉन मायकेल कोहलरनं १८८३ साली जनावरांसाठीच्या बिडाच्या कुंडावर एनॅमल चढवून, चार पाय लावून ते स्नानाचा टब म्हणून विकायला काढलं. आज त्याच घाटाचा टब शाही थाट म्हणून मिरवतो. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९०४ साली पांढऱ्या चकचकीत टाइल बसल्या, त्यातही स्वच्छतेचा विचार होताच. आता अंधेरीच्या शोरूममध्ये त्याच मापाच्या टाइल जुन्या जमान्याच्या आठवणी म्हणून मिळतात. आठवणी न्यूयॉर्कच्या, बिल अंधेरीचं!

मुंबईला हे उसनं जुनेपण घ्यायची गरज नाही, तिचं स्वतःचं आहे. मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हल मैदानासमोरच्या इमारती मुख्यतः १९३० नंतरच्या. चाळीतल्या सामाईक मोरीसमोर रांग लावणाऱ्या शहरात फ्लॅटमध्येच स्वतःचं न्हाणीघर असणं हीच त्या काळची चैन होती. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं, ते याच नव्या राहणीचं. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या त्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. शहरातल्या जुन्या घरांत जी नक्षीदार सिमेंटची फरशी दिसते, तिच्यामागे स्वदेशीची प्रेरणाही आहे. सिधवा कुटुंबानं १९२२ साली मुंबईत सुरू केलेली भारत टाइल्स परदेशी फरशीला पर्याय म्हणूनच उभी राहिली, आणि अजून तशीच फरशी बनवते.

ही फरशी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात आधी रंगीत सिमेंट आणि संगमरवराच्या पुडीचा पातळ थर ओततात, त्यावर सिमेंट-वाळू पसरतात, यंत्रात दाबतात आणि मग पाणी देऊन मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असल्यानं पिढी दोन पिढ्या पायाखाली झिजूनही नक्षी टिकते. तिचा वैरी वेगळाच आहे: बाथरूम घासायचं ॲसिड. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि ते सिमेंट खातं. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच कुळातला. ॲसिडपुढे कुणाचंच चालत नाही. शिवाय सिमेंट तेल आणि रंग शोषून घेतं. सीलर न लावलेल्या फरशीवर मेंदीचा एक ठिपका पुढच्या दिवाळीपर्यंत सोबत करतो. त्यामुळे विंटेज फरशी घेण्याआधी घरात न्हाणीघर कोण घासतं आणि त्यांच्या हाती कोणती बाटली दिली जाते, हे पाहावं. ॲसिडशिवाय भागत नसेल, तर मोरबीच्या साध्या व्हिट्रिफाइड टाइलला नावं ठेवू नयेत.

टबाचा निकाल झटपट लागतो. बिडाचा टब रिकामाच शंभर-दीडशे किलोचा. भरायला दीडशे लिटर पाणी सहज लागतं. शहरी माणसाला दिवसाकाठी सर्व वापरासाठी १३५ लिटर पाणी धरावं असं मानक आहे. म्हणजे एका आंघोळीत दिवसाचा वाटा संपून वर उधारी. गिरगावातल्या लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हा विचारही करू नये.

पण मॉडर्न चित्र तरी कुठं निर्दोष आहे? चार बाय सात फुटांच्या न्हाणीघरात चार फुटी लांबलचक टाइल टाकायची हौस आली, की उतार जुळत नाही. पाणी नहाणी ट्रॅपकडे चहूबाजूंनी जायला हवं. मोठी टाइल वाकत नाही, मग तिला तिरके काप द्यावे लागतात आणि अखंड फरशीची शोभा तिथंच संपते. जुन्या छोट्या षटकोनी फरश्या उतार निमूटपणे धरतात, आणि सांधे जास्त असल्यानं ओल्या पायाला पकडही देतात. घरात सत्तरीचं माणूस असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वरचा.

छतातून कोसळणाऱ्या शॉवरचंही तसंच. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून साधारण एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या डोक्यावर टाकी तीन मीटरवर, तेव्हा फोटोतला धबधबा घरात पागोळीसारखा गळतो. मग पंप, पंपाचा आवाज, शेजाऱ्यांची तक्रार. आणि भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरचा सुटा भाग काही वर्षांनी बाजारातून गायब झाला, तर टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नाही. बाहेर दिसणारा जुन्या धाटणीचा पितळी नळ मात्र गल्लीतला प्लंबर पाच मिनिटांत वायसर बदलून देतो. या एका कारणासाठी या सदराचं मत विंटेज नळाच्या बाजूनं.

फ्लशच्या बाबतीत मात्र जुन्याचा मोह धरू नये. साखळी ओढायच्या बिडाच्या टाकीचं रूप कितीही गोड असलं, तरी ती एका ओढीला दहा लिटर आणि त्याहून अधिक पाणी सोडते. आजची दोन बटणांची टाकी तीन किंवा सहा लिटरमध्ये काम भागवते. पाइपांचंही तेच. जुन्या इमारतीतले जीआय पाइप आतून गंजून निम्मे झालेले असतात; त्यांवर नवा पितळी नळ चढवणं म्हणजे पैसे मोरीत घालणं.

म्हणून खर्चाचा क्रम उलटा लावावा. आधी पाइप आणि वॉटरप्रूफिंग, मग उतार, मग खिडकी किंवा एक्झॉस्ट, आणि उरलेल्यात शैली. फ्लॅटमधल्या न्हाणीचा खोलगट स्लॅब बहुधा विटांच्या तुकड्यांच्या कोब्यानं भरलेला असतो. त्यात एकदा पाणी मुरलं की खालच्या मजल्याच्या छताला डाग पडतात, आणि सोसायटीच्या सभेत त्या डागाला विंटेज म्हणून कुणी माफ करत नाही.

जुन्यावर नवी टाइल चिकटवायचा उपायही कंत्राटदार हटकून सुचवतो. स्वस्त आणि धूळ कमी. पण त्यानं न्हाणीची पातळी वर येते, बाहेरच्या खोलीपेक्षा ती खाली असण्याची सोय जाते, आणि खालची नक्षीदार फरशी कायमची गाडली जाते. ज्यांच्या घरी ती फरशी खरोखरच आहे, त्यांनी कोपऱ्यातली एक सुटी करून पाहावी. चुन्यात बसवलेली असेल तर छिन्नीनं अख्खी निघते. सिमेंटमध्ये असेल तर बहुतेक फुटते. निघालेल्या अख्ख्या फरश्या बेसिनसमोरच्या कोरड्या भागात लावाव्यात आणि शॉवरखाली खरबरीत टाइल घ्यावी.