विश्लेषण : आवाजासाठी प्रयत्न होतात, मग वासासाठी का नाहीत?

कर्करोग बळावला की काही रुग्णांचे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. आवाज जाणार, याची कल्पना रुग्णाला असते. वासही जाणार, हे मात्र अनेकदा घरी परतल्यावर, ताटावर बसल्यावरच कळते. हे नुकसान बऱ्याच अंशी भरून काढता येते आणि त्याला फारसा खर्चही नाही. म्हणूनच त्याकडे होणारे दुर्लक्ष खटकते.

वास का जातो?

शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचे वरचे टोक गळ्यावर केलेल्या छिद्राला जोडतात. त्याला ‘स्टोमा’ म्हणतात. त्यानंतर श्वासोच्छ्वास नाकाऐवजी थेट या छिद्रातून होतो. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या वरच्या भागात जागेवरच असतात; पण हवा तिथपर्यंत पोहोचत नाही.

त्याने काय बिघडते?

गोड, आंबट, खारट, कडू हे जिभेला कळते. फोडणीचा किंवा हापूसचा स्वाद मात्र मुख्यतः नाकामुळे कळतो. साहजिकच जेवण बेचव लागते. त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षेचा. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. वास न येणाऱ्याला हा इशारा मिळतच नाही. नासलेले दूध, जळणारी वायर यांचेही तेच.

उपाय काय?

नेदरलँड्समधील फ्रान्स हिल्गर्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक सोपे तंत्र मांडले. चारचौघांत जांभई आली की आपण ओठ मिटून ती दाबतो, तशीच ही क्रिया. ओठ बंद ठेवून जबडा आणि जीभ खाली न्यायची. तोंडात हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नाकातून आत ओढली जाते. ही क्रिया लागोपाठ अनेकदा करायची. हवा खरोखर आत जाते का, हे नाकपुडीला जोडलेल्या नळीतील पाण्याच्या हालचालीवरून पाहता येते. सर्वांनाच पूर्वीसारखा वास येतो असे नाही. पण सरावाने अनेकांना तो पुन्हा येऊ लागतो.

मग अडते कुठे?

‘जीव वाचला, वासाचे काय घेऊन बसलात?’ या मानसिकतेत. पण वाचलेला जीव रोज जेवतो, स्वयंपाकघरात वावरतो. रुग्णाला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टलाच हे तंत्रही शिकवता येते. त्यासाठी ना नवे यंत्र लागते, ना औषध. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीच्या समुपदेशनात वासाचा उल्लेख आणि नंतरच्या पुनर्वसनात त्याचा सराव, या दोन्ही गोष्टी सक्तीच्या व्हायला हव्यात. तोवर रुग्णाच्या घरी गॅसगळतीचा अलार्म लावणे शहाणपणाचे. आणि डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर तो नातेवाइकांनी काढावा.