दुखावलेला नायक आणि पुनर्कथनाचा मोह

दुसऱ्याच्या कथेतील पात्रे घेऊन वाचकांनी स्वतःच्या कथा रचाव्यात, या व्यवहारास आज ‘फॅन फिक्शन’ असे नाव आहे. त्याच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेपासून मानण्याचा प्रघात आहे. १९६६ साली सुरू झालेल्या या मालिकेच्या चाहत्यांनी पुढच्याच वर्षी ‘स्पॉकॅनेलिया’ हे हौशी नियतकालिक काढले. त्याचे नाव घेतले ते स्पॉक या पात्रावरून, कप्तान कर्कवरून नव्हे. स्पॉक अर्धा मानव, अर्धा परग्रहवासी. भावना दडपून वावरणारा आणि दोन्ही कुळांत उपरा. पुढे या लेखनात, ज्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता, ‘हर्ट-कम्फर्ट’ हा प्रकारच रूढ झाला. नायक जखमी व्हावा, त्याचे कवच गळावे आणि कोणी तरी त्याची शुश्रूषा करावी, एवढे कथानक त्याला पुरते. हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांचे ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाल्यावर हा विषय विद्यापीठीय अभ्यासात स्थिरावला.

मराठीच्या अभ्यासकास यात परके वाटावे असे थोडेच आहे. ज्याला कुळ विचारताच मान खाली घालावी लागते, असा नायक त्याच्या पूर्ण परिचयाचा आहे.

रंगभूमीवरील तो प्रसंग महाभारतातच आहे. कृपाचार्य कुळ विचारतात, कर्ण निरुत्तर होतो; दुर्योधन त्याला अंगदेशाचा राजा करतो; इतक्यात म्हातारा अधिरथ येतो आणि अभिषेकाने भिजलेले मस्तक कर्ण त्याच्या पायांवर ठेवतो. भीम उपहास करतो. जखम खरी आहे. परंतु व्यास तिच्यापाशी रेंगाळत नाहीत. रेंगाळले ते नंतरचे लोक. द्रौपदीने ‘सूताला वरणार नाही’ असे म्हणून कर्णाला भर स्वयंवरात नाकारले, हा सर्वांच्या तोंडी असलेला प्रसंग सुकथनकरांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीने संहितेत घेतलेला नाही. तेथे कर्णाचा उल्लेख ज्यांना धनुष्य वाकविता आले नाही अशा राजांमध्ये येतो. म्हणजे कोणा अनाम पुनर्कथकाने कर्णाचे अपयश पुसले आणि त्या जागी अपमान ठेवला. चाहत्याची लेखणी चालते ती अशीच. अपयशी नायकाची कीव येते. अपमानित नायकाला मात्र जवळ घ्यावेसे वाटते.

‘मृत्युंजय’ (१९६७) आणि ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांना लाभलेला अफाट वाचकवर्ग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. शिवाजी सावंतांनी कर्णासह सहा पात्रांना निवेदन दिले. त्यांत धाकटा भाऊ शोण आहे, पत्नी वृषाली आहे, जन्मदात्री कुंती आहे. कर्णाला ज्यांनी जवळ घ्यावे किंवा घ्यायला हवे होते त्यांनाच बोलते केल्यामुळे वाचकाला त्या वर्तुळात आपसूक जागा मिळते. अर्जुनापाशी अशी जागा नाही. त्याच्या शेजारी श्रीकृष्ण आधीच बसलेला आहे. असुरक्षित नायकाच्या आकर्षणाचे मर्म बहुधा येथे असावे. त्याच्या आयुष्यात कोणी तरी हवे असते आणि ते कोणी तरी आपण होऊ शकलो असतो, असे वाचकाला वाटत राहते. जन्माच्या दाखल्यावर माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजात ही ओढ अधिक तीव्र व्हावी, हे स्वाभाविकच होय. तिला भाबडेपणा म्हणून झटकणारी समीक्षा स्वतःच्या समाजाकडे पाठ फिरविते.

तथापि या सांत्वनाची किंमत कोणी तरी मोजते. द्यूतसभेत द्रौपदीला वेश्या ठरविणारा आणि तिची वस्त्रे हिरावून घेण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे, आणि हा भाग चिकित्सक आवृत्तीतही कायम आहे. स्वयंवरातील नकार मानला की सभेतील शब्दांना कारण मिळते, आणि कारण हळूहळू समर्थन होऊन बसते. तिने नाकारले म्हणून तो असे बोलला, या वाक्यात अपराधाचे ओझे अलगद तिच्याकडे सरकते. वर्गात कर्णावर चर्चा चालली असता हे वाक्य किती सहजपणे उच्चारले जाते, हे अध्यापकांना वेगळे सांगावयास नको. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील कर्णाला अशी सूट मिळत नाही, त्याचे दुःख आणि त्याचे वर्तन दोन्ही त्यांनी एकाच कठोर नजरेने तपासली. ‘युगान्त’ आणि ‘मृत्युंजय’ एकाच वर्षाची पुस्तके असूनही ती अभ्यासक्रमात शेजारी ठेवून वाचली जात नाहीत, हे नवलच म्हणावयाचे.

त्याच सभेत द्रौपदीच्या बाजूने बोलला तो विकर्ण, धृतराष्ट्राचा पुत्र. कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प केले. पुढे तो कौरवांकडूनच लढला आणि भीमाच्या हातून मारला गेला. विकर्णाला कुळाची चिंता नव्हती, त्याला कोणी नदीत सोडले नव्हते. पुनर्कथनाच्या बाजारात त्याच्याकडे कोणी फारसे फिरकलेले नाही.