मसुद्यांची टक्कर

दूरस्थ चित्रसंभाषणात समोरच्याचा आवाज येत असूनही चित्र उमटत नाही, तेव्हा आपण सर्वजण इंटरनेटच्या नावाने बोटे मोडतो. परंतु कित्येकदा अपराध असतो तो संभाषणाच्या अटी ठरविण्यासाठी दोन संगणकांत पडद्याआड चाललेल्या वाटाघाटींचा. एका पक्षाने मसुदा धाडावा आणि दुसऱ्याने त्यास कलमवार जबाब द्यावा, हा रिवाज २००२ साली लेखी नियमांत बांधला गेला. मौज अशी की, ज्या 'एसडीपी' पद्धतीत हे मसुदे लिहिले जातात, तिच्या १९९८ सालच्या मूळ दस्तऐवजात वाटाघाटी हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा असल्याचे स्पष्ट नमूद होते. वर्णनासाठी निर्माण झालेल्या भाषेवर पुढे तहनाम्याचे ओझे लादले गेले.

त्यातून उद्भवणारा सर्वांत चिवट दोष म्हणजे मसुद्यांची टक्कर. इकडे एकाने पडदा दाखवावयास घेतला आणि त्याच क्षणी तिकडे दुसऱ्याने कॅमेरा चालू केला, की दोन्ही मसुदे वाटेत एकमेकांना ओलांडून जातात आणि आपल्या मसुद्याच्या जबाबाची वाट पाहणारे दोन्ही पक्ष परक्या मसुद्यास नकार देऊन बसतात. अशा वेळी अनेक कारागीर अर्ध्या सेकंदाचा विलंब घालतात, किंवा मसुद्याच्या मजकुरातच परस्पर खाडाखोड करतात. तक्रार तूर्त मिटते, पण जाळे मंदावले की तीच पुन्हा रुजू होते.

वास्तविक ब्राउझरमधील अशा संभाषणासाठी असलेल्या 'वेबआरटीसी'च्या प्रमाणित नियमांत यावर तोड आहे. एक पक्ष आरंभीच 'नम्र' ठरवावा. टक्कर होताच त्याने आपला मसुदा मागे घेऊन दुसऱ्याचा स्वीकारावा, आणि दुसऱ्याने नम्राच्या मसुद्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. नेहमी एकानेच का वाकावे, असे कोणी विचारील. परंतु नम्राची मागणी बुडत नाही, पहिला व्यवहार पुरा होताच ती नव्या मसुद्याने पुन्हा दाखल होते, आणि बोलणाऱ्या माणसांना या मानापमानाचा पत्ताही लागत नाही.

मात्र नियम लिहिला म्हणजे तो सर्वत्र पाळला जातो असे नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी अनेक चित्रप्रवाह मसुद्यात मांडण्याच्या दोन निराळ्या रीती वर्षानुवर्षे चालविल्या आणि २०१९ साली क्रोमने प्रमाणित रीत पत्करली, तोवर त्या तंट्याचा भुर्दंड प्रत्येक लहान कारखानदाराने सोसला. म्हणून माझे मत असे की, दोन्ही बाजूंनी मुद्दाम एकाच क्षणी मसुदे धाडून आणि जाळे जाणूनबुजून मंद करून जिची परीक्षा झालेली नाही, अशी कोणतीही दुरुस्ती मंजूर होऊ नये, मग गिऱ्हाईक कितीही घाईला आलेले असो.