दौलताबादचा चढ आणि घरातील ज्येष्ठ

छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करणारी बहुतेक कुटुंबे एकाच दिवसात दौलताबाद, वेरूळ आणि जमल्यास कचनेर असा बेत आखतात. शहरापासून किल्ला साधारण 15 किलोमीटर, वेरूळ 30. कचनेर मात्र दुसऱ्या दिशेला. कागदावर हिशोब जुळतो. चूक अंतराच्या मोजणीत नसते, आजी-आजोबांच्या गुडघ्यांची गणना राहून गेलेली असते.

देवगिरीची टेकडी सुमारे 200 मीटर उंच आहे. दरवाजातून आत गेल्यावर चांदमिनार आणि भारतमाता मंदिरापर्यंतची वाट सोपी. मंदिराच्या वास्तूत पूर्वीच्या देवालयांचे, त्यांत जैन मंदिरांचेही, कोरीव खांब आहेत. ते निवांत पाहावेत. प्रांगण इतके विस्तीर्ण आहे की थकलेल्या माणसाने तेथे बसून राहण्यात काही कमीपणा नाही. पुढे चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला येथेच कैदेत ठेवले होते. मेंढा तोफही जवळच. येथपर्यंत सत्तरीतील माणूसही काठीच्या आधाराने येऊ शकतो.

खरा प्रश्न खंदकावरील पुलापाशी उभा राहतो. पलीकडे ‘अंधारी’, म्हणजे शत्रूला चकवण्यासाठी कातळात खोदलेला वळणावळणाचा भुयारी मार्ग. पायऱ्या उंचसखल आहेत आणि वटवाघळांचा दर्प तीव्र. ज्यांना दमा, चक्कर किंवा हृदयविकार आहे त्यांनी पुलावरूनच परतावे. इतरांनी विजेरीचा प्रकाश पायांशी ठेवावा. छतावरील जीवांवर झोत टाकून त्यांना उठवू नये. अंधारीनंतरही बारादरीपर्यंत दमवणाऱ्या पायऱ्या आहेतच. नातवंडांचा ‘आजोबा, थोडंच राहिलंय’ हा आग्रह प्रेमाचा असला तरी ऐकण्याजोगा नसतो.

कारण त्याच दिवशी दुसरा चढ वाट पाहत असतो. वेरूळच्या 30 ते 34 या जैन लेण्यांच्या वर, टेकडीवर, भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्यावरील लेखात शके 1156, म्हणजे इसवी सन 1234-35, हा काळ नोंदला आहे. तेव्हा देवगिरीवर सिंघण यादवाचे राज्य होते. किल्ल्यावर शक्ती खर्च झालेल्या कितीतरी वृद्धांना हे दर्शन पायथ्यावरूनच हात जोडून घ्यावे लागते. एकच चढ झेपणार असेल तर तो कोणता, हे घरीच, त्यांनाच विचारून ठरवावे.

वेरूळलाही क्रम उलटा ठेवावा. कैलास लेणे पाहून दमलेले प्रवासी इंद्रसभेपर्यंत पोहोचतच नाहीत. आधी 32 क्रमांकाचे लेणे, मग कैलास. लेणी मंगळवारी बंद असतात, ही गोष्ट तिकीट काढण्यापूर्वी लक्षात घ्यावी.

नियोजन फसले म्हणजे काय होते, ते या गावाला चांगले ठाऊक आहे. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून येथे आणली आणि काही वर्षांतच बेत मोडला. पुढे त्याने तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी काढली, ती घरोघर बनू लागली आणि अखेर खजिन्यालाच ती परत घ्यावी लागली. असो.

किल्ल्यावर सकाळी दरवाजा उघडताच पोहोचावे. सुट्टीच्या दिवशी गावाच्या तटातील अरुंद वेशीत वाहने खोळंबतात. चौविहाराचा नियम असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. वेरूळ येथील पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रम गुरुकुलात निवास व भोजनाची चौकशी आदल्या दिवशीच करावी; ऐनवेळी पन्नास पाने वाढा म्हणणे बरे नव्हे. उकळलेले पाणी शहरातूनच भरून न्यावे. शरद ऋतूत रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. घ्यायची तर परतीच्या वाटेवर घ्यावीत, कारण पिकलेली फळे दिवसभर गाडीत टिकत नाहीत.