जंगलातला कॅमेरा आणि जंगलातला माणूस

शहापूर आणि मुरबाडचे जंगल मुंबईला ठाऊक आहे ते तानसा-भातसाच्या पाण्यामुळे. त्याच जंगलात रानमांजर आणि वाघाटी यांसारखी लहान जनावरेही राहतात, याची दखल क्वचितच घेतली जाते. वाघाटी ही आशियातील सर्वांत लहान रानटी मांजर. तिचे वजन दीड किलोच्या आसपास. रात्री हिंडणारे हे जनावर सहसा दृष्टीस पडत नाही. म्हणून अभ्यासक पायवाटेलगतच्या झाडाला कमी उंचीवर ट्रॅप कॅमेरा बांधतात. समोर उबदार शरीर हलताच तो आपोआप छायाचित्र टिपतो.

या साधनाचे मोल निर्विवाद आहे. घाटमाथ्यावरील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने, बिबटे व तरस अभयारण्याबाहेर, शेती-वस्तीच्या सान्निध्यात नांदतात हे २०१३ मध्ये कॅमेऱ्याच्याच आधारे दाखवून दिले. शहापुरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्ते आखणाऱ्यांना ‘येथे काहीच नव्हते’ असे म्हणू द्यायचे नसेल, तर असा पुरावा हवाच.

परंतु ज्या पायवाटेने मांजर जाते, त्याच वाटेने मोळी घेऊन ठाकर-कातकरी स्त्रीही जाते. कॅमेऱ्याला हा भेद कळत नाही. त्याच्या मालकाला मात्र तो कळला पाहिजे. उत्तराखंडातील कॉर्बेटच्या जंगलात तो कळला नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तेथे एका स्त्रीचे खासगी छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरले आणि संतप्त गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले, जाळले. स्त्रिया जंगलात गाणी म्हणेनाशा झाल्या. आवाजही कमी झाले. जनावरांना दूर ठेवणारा तो आवाज होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हानी केवळ अब्रूची नव्हती, हे पटेल.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. तेव्हा कॅमेरा बांधण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घेतली जावी, त्याची जागा पाड्यापाड्यांत सांगितली जावी, माणसांची छायाचित्रे तत्काळ नष्ट व्हावीत, आणि कामाची मजुरी व निष्कर्ष गावाला मिळावेत. यात संशोधनाला कोणतीही अडचण नाही. वाघाटीचे रक्षण अखेर तिच्या शेजाऱ्यांवरच अवलंबून आहे. त्या शेजाऱ्यांना संशयित ठरवून ते साधणार नाही.