घागर एक, बाजू अनेक

'तुम्हा ड्रॉइंगच्या मास्तरांना मोबाइलचे एवढे वावडे का हो?' असे परवा एका पालकांनी मला विचारले. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत हयातभर चित्रकला शिकवलेला मी माणूस. प्रश्न वर्मी लागला.

वर्गाच्या मधोमध स्टुलावर घागर मांडली, की चाळीस मुलांना चाळीस घागरी दिसतात. खिडकीजवळच्या मुलीला उजेडाची बाजू, कोपऱ्यातल्या मुलाला सावलीची. एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्र असते. त्याचा हेतूच हा, की मुलाने आपल्या जागेवरून, आपल्या डोळ्यांनी पाहावे. तीच घागर पडद्यावर आली, की साऱ्यांना एकच बाजू दिसते; तिचे गोल तोंड लंबगोल कसे दिसावे, हे कॅमेऱ्याने आधीच ठरवलेले असते. उरते ती नक्कल. मोबाइलच्या काचेवर कागद ठेवून गणपती गिरवणारी मुले मी पाहिली आहेत. रेघ सुबक येते, पण मोबाइल बाजूला घेतला की हात थांबतो.

म्हणून शाळेतला प्रोजेक्टर मी वर्षानुवर्षे टाळला. माझी चूक कळली २०२० मध्ये, टाळेबंदीत.

आमच्याकडची हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांची मुले वर्गातून उठली, की त्यांची चित्रकला त्या वर्षापुरती संपायची. त्या साली नाइलाजाने मी मोबाइलवरून धडे देऊ लागलो. एके दिवशी कारखान्याच्या तळावरून सातवीतल्या एका मुलीने बापाच्या मोबाइलवर चित्राचा फोटो काढून पाठवला. वहीच्या रेघांच्या कागदावर कोपीच्या दाराशी टेकवलेला कोयता. पाते अरुंद काढलेले, कारण ती कडेला बसून पाहत होती. मी एवढेच विचारले, 'पोरी, मुठीची सावली कुठे पडली?' दुसऱ्या दिवशी सावलीसह चित्र आले. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या मुलाला शिकवण्याची माझी ती पहिलीच वेळ!

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हा यंत्रानेच चित्रे घरोघरी पोचवली. पण मूळ चित्र हातानेच काढावे लागले. शाळेतही तसेच असावे. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातले दगडी हत्तीसुद्धा ज्यांनी पाहिलेले नाहीत, त्या मुलांना पडद्यावर अजिंठा जरूर दाखवावा. हाती पेन्सिल आली, की पडदा मिटावा. आणि पडदा आला म्हणजे चित्रकलेच्या शिक्षकाची गरज सरली, असे मात्र कोणी समजू नये. सावली कुठे पडली, हे मुलाच्या शेजारी बसून विचारायला माणूसच लागतो.

आज रविवार आहे. घरातला तांब्या टेबलावर ठेवा, मुलांना भोवती बसवा आणि प्रत्येकाला विचारा, 'तुला कोणती बाजू दिसते?' उत्तरे निरनिराळी आली, तर चित्रकलेचा पहिला धडा झाला असे समजा.